देशाटन : दूरचें व दारचें

देशाटनानें माणूस शहाणा होतो, हें आमच्या पिढीनें मुंजीपूर्वींच पाठ करून ठेवलेलें आहे. परंतु देशाटन करावें कसें, काय पाहावें, किती पाहावें आणि न पाहतां काय सोडून द्यावें, हें मात्र आम्हांस कोणा गुरुजींनीं शिकविलें नाहीं. आणि पुढें आम्ही स्वतः गुरुजी झाल्यावर आम्हींही तें कोणास शिकविलें नाहीं. साठी उलटल्यानंतर, दोन वर्षांपूर्वीं, चिरंजीवांच्या आग्रहामुळें युरोपखंडाचा प्रवास घडला. त्यांत जे धडे मिळाले ते येथें लिहीत आहों. हल्लीं वाचकांपैकीं पुष्कळांचीं मुलें-सुना परदेशीं असतात, आणि "बाबा, यंदाच्या उन्हाळ्यांत याच," असें बोलावणें घरोघर येतें. अशा मंडळींस यांतील चार गोष्टी उपयोगी पडल्या तर आमचे श्रम सार्थकीं लागले असें आम्ही समजूं. मात्र एक गोष्ट आधींच सांगून ठेवतों. या लेखाचा आरंभ युरोपांत असला तरी शेवट नगरच्या पूर्वेस असलेल्या एका डोंगरावर आहे. तो तेथें कां, हें ओघानें येईलच.

प्रथम कागदपत्रांविषयीं. युरोपांतील एकोणतीस देशांनीं मिळून शेंगेन नांवाची एकच प्रवेशव्यवस्था केलेली आहे. एका देशाचा व्हिसा मिळाला कीं बाकींच्या देशांतही जातां येतें. पण कोणत्याही एकशें ऐंशीं दिवसांत नव्वदांपेक्षां अधिक दिवस राहतां येत नाहीं. इंग्लंड व आयर्लंड हे या व्यवस्थेंत नाहींत. तेथें जावयाचें तर निराळी परवानगी लागते. पासपोर्टाची मुदत परत निघण्याच्या दिवसानंतर निदान तीन महिने शिल्लक असावी लागते, आणि निदान तीस हजार युरोंचा वैद्यकीय विमा उतरवावा लागतो. विम्याचा हा खर्च पुष्कळांस फुकटचा वाटतो. आमच्याच ओळखीच्या एका गृहस्थांस तिकडे मूत्रखड्याची कळ आली, तेव्हांपासून त्यांचें या बाबतींतील मत बदललें आहे. अर्ज सहा महिने आधींपासून करतां येतो. तो शेवटच्या पंधरवड्यावर टाकूं नये.

आतां फराळाचें. आमच्या सौ.नीं निघण्यापूर्वीं आठ दिवस स्वयंपाकघरांत यज्ञ मांडला होता. त्या यज्ञांतील निम्मा हवि घरींच राहिला, आणि तें बरें झालें. कारण युरोपीय संघांत बाहेरच्या देशांतून दुधाचे व मांसाचे पदार्थ प्रवाशानें आणणें निषिद्ध आहे. तेव्हां पेढे, श्रीखंडाच्या वड्या, तुपाचा डबा यांस घरींच नमस्कार करावा. मेतकूट, भाजणी, चिवडा, तेलांतले तिखट सांजोरे, कोरड्या चटण्या हीं खुशाल न्यावींत. शाकाहारी माणूस तिकडे उपाशी राहतो ही समजूत आतां जुनी झाली. पाव, फळें, बटाटे व भाज्या सर्वत्र मिळतात. नळाचें पाणी बहुतेक ठिकाणीं निःशंक पितां येतें, म्हणून एक रिकामी बाटली जवळ असावी. दुसरी गोष्ट सांगण्यास संकोच वाटतो, पण वयस्कांस तीच अधिक महत्त्वाची. रेल्वे-स्थानकांवर आणि रस्त्यांवर शौचकूपांस बहुधा पैसे पडतात. खिशांत नेहमीं अर्ध्या व एक युरोचीं नाणीं असूं द्यावींत. नोटा घेऊन तेथें उभें राहण्याचा प्रसंग आम्हांवर आलेला आहे. शत्रूवरही येऊं नये.

पोशाखाविषयीं एकच सांगतों. नवे बूट घालून प्रवासास निघूं नये. ते महिनाभर आधीं नगरच्याच धुळींत मळवावेत. रोमच्या व्हॅटिकनमध्यें व पुष्कळ मोठ्या चर्चांत खांदे व गुडघे झांकलेले असावे लागतात. उघड्या पोशाखांतील गोऱ्या मंडळींस दारापाशीं अडवून अंगावर फडकीं गुंडाळावयास लावीत होते. सौ. नऊवारी नव्हे तरी पांचवारी नेसून, डोक्यावर पदर घेऊन, सरळ आंत गेल्या. त्यांच्याकडे पाहून दारावरच्या शिपायानें मान लवविली. सर्व प्रवासांत त्या इतक्या प्रसन्न क्वचितच दिसल्या.

पण हीं सर्व तयारीचीं अंगें झालीं. खरा प्रश्न पाहण्याचा.

चिरंजीव जर्मनींत कोलोन शहरीं नोकरीस आहेत. त्यांनीं विचार केला कीं, आईबाबांस आधीं युरोप दाखवावा व मग घरीं आणावें. म्हणून त्यांनीं आमची एका यात्राकंपनीच्या मेळ्यांत भरती केली. बारा दिवस, सहा देश. सकाळीं सहाला उठावें, सातला न्याहारी, आठला बस, आणि बसमधून उतरल्यावर घड्याळाकडे पाहत धांवावें. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयांत आम्हांस दीड तास मिळाला. तेवढ्या वेळांत आम्ही सर्वजण मोनालिसाच्या चित्रापुढें गेलों. सत्याहत्तर सेंटिमीटर उंच व त्रेपन्न सेंटिमीटर रुंद असें तें लहानसें चित्र कांचेमागें आहे, आणि त्याच्यापुढें शेंकडों माणसें त्याच्याकडे पाठ करून मोबाइलांत स्वतःचें छायाचित्र काढीत असतात. आम्हीही काढलें. बेल्जियममधून जातांना मार्गदर्शकानें खिडकीबाहेर बोट दाखवून सांगितलें, "हें वॉटर्लू. येथें १८१५ साली वेलिंग्टननें नेपोलियनचा पराभव केला." सर्वांनीं मान वळवून एक टेंकडी पाहिली व पुन्हा डोळे मिटले. रात्रीं उतारूगृहांत सौ. पाय चोळीत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "अहो, आज आपण पाहिलें कीं नुसतें मोजलें?"

या प्रश्नास आमच्याजवळ उत्तर नव्हतें. घरीं आल्यावर बारा दिवसांतील साडेनऊशें छायाचित्रें चाळलीं, तेव्हां तर कोणतें चर्च कोणत्या गांवचें हेंही सांगतां येईना. म्हणून आमचा पहिला नियम असा : दिवसास एकच मुख्य स्थळ ठेवावें, तें सकाळीं पाहावें, दुपारीं बसावें, आणि संध्याकाळीं पाय नेतील तिकडे फिरावें. मोठ्या संग्रहालयांत तीनच वस्तु घरून ठरवून जाव्यात. त्या पाहून झाल्यावर बाकडें शोधून बसावें. तीन वस्तूंचें दर्शन तीस वर्षें पुरतें. तीन हजारांचें दुसऱ्या दिवसापर्यंतही पुरत नाहीं.

दुसरा नियम बंद दारांविषयीं. लूव्र मंगळवारीं बंद, व्हर्सायचा राजवाडा सोमवारीं बंद, व्हॅटिकनचीं संग्रहालयें महिन्याचा शेवटचा रविवार सोडून इतर रविवारीं बंद. जर्मनींत बहुतेक संग्रहालयें सोमवारीं व बहुतेक दुकानें रविवारीं बंद असतात. जाण्यापूर्वीं कागदावर वार लिहून आंखणी करावी. मोठ्या स्थळांचीं तिकिटें आतां वेळ नेमून आधींच घ्यावीं लागतात. हें काम मुलांकडून करवून घ्यावें, पण दिवस व वेळ आपण आपल्या डोळ्यांनीं वाचावी.

तिसरा नियम चुकामुकीचा. तो आम्ही मोठ्या किंमतीस विकत घेतला. कोलोनच्या स्थानकावर गाडीचा फलाट ऐन वेळीं बदलला. ती सूचना जर्मनींत झाली. आम्ही गर्दीबरोबर जिना उतरलों, आणि मागें पाहतों तों सौ. नाहींत! मोबाइल आमच्याच खिशांत. त्यांचाही आणि आमचाही. पुढचा पाऊण तास आम्ही त्या प्रचंड स्थानकांत या जिन्यानें वर व त्या जिन्यानें खालीं असे धांवत होतों. मनांत काय काय आलें तें लिहवत नाहीं. शेवटीं सुचलें तेव्हां मूळच्या फलाटावर गेलों. तेथें ज्या बाकाजवळ चुकामूक झाली, त्याच बाकावर त्या पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. शेजारीं एक तरुण मुलगी उभी होती, आणि तिच्या हातांत सूनबाईंनीं आईंच्या पर्सेंत घालून ठेवलेली पत्ता व दूरध्वनीची चिठ्ठी होती. "तुम्हीच शाळेच्या सहलींत पोरांना सांगत होतां ना," सौ. म्हणाल्या, "चुकलात तर हालूं नका, जेथें असाल तेथेंच थांबा? मी थांबलें." एकोणचाळीस वर्षें मुलांस शिकविलेला धडा गुरुजी विसरले आणि गुरुजींच्या घरांत ऐकून ऐकून ज्यांना तो पाठ झाला होता त्यांनीं तो पाळला. तेव्हां प्रत्येकाच्या खिशांत स्वतंत्र चिठ्ठी, स्वतंत्र मोबाइल व थोडे स्वतंत्र पैसे असावेत. युरोपीय संघांत कोठेंही संकटसमयीं ११२ या क्रमांकावर मदत मिळते, हेंही त्या चिठ्ठीवर लिहावें.

चौथा नियम असा कीं, आपल्या आवडीचें एक तरी स्थळ, मग तें कोणत्याही यादींत नसो, हट्टानें पाहावें. चिरंजीवांनीं आम्हांस विचारलें, "बाबा, तुम्हांला कोठें जायचें आहे?" आम्ही म्हटलें, "बॉनला, श्लेगेलच्या समाधीवर." त्यास तें नांवही ठाऊक नव्हतें. आउगुस्ट विल्हेल्म श्लेगेल हा १८१८ साली बॉनच्या विद्यापीठांत अध्यापक झाला. त्यानें हिंदुस्थान कधीं पाहिला नाहीं. संस्कृत तो पॅरिसमध्यें शिकला. देवनागरीचे खिळे मुद्दाम पाडून घेऊन त्यानें १८२३ साली भगवद्गीता लॅटिन भाषांतरासह छापून काढली. कोलोनहून बॉन आगगाडीनें अर्ध्या तासाच्या आंत आहे. तेथील जुन्या दफनभूमींत मोठमोठीं झाडें आहेत, संगीतकार शूमान तेथेंच आहे, आणि त्याच आवारांत, १८४५ साली निवर्तलेल्या या वृद्ध पंडिताचें थडगें आहे. आम्ही पादत्राणें काढून पांच मिनिटें उभे राहिलों. लहानपणीं वेदशाळेंत ज्या गीतेचे अध्याय छडीच्या भयानें पाठ केले, ती गीता दोनशें वर्षांपूर्वीं एका परक्यानें, एकाही हिंदु माणसाच्या घरीं न जेवतां, केवळ प्रेमानें अक्षर अक्षर जुळवून छापली, हें मनांत येऊन कंठ दाटला. सौ. हळूच म्हणाल्या, "त्या हंसणाऱ्या बाईच्या चित्रापुढें तुम्ही इतके गप्प नव्हतां."

येथपर्यंत आम्ही शिकविण्याच्या भूमिकेंत होतों. आतां आम्ही स्वतः जेथें नापास झालों ती हकीकत सांगतों.

चिरंजीवांच्या इमारतींत तळमजल्यावर एक वृद्ध जर्मन बाई राहतात. वय पंच्याऐंशीच्या पुढें. सूनबाईंचा त्यांच्याशीं घरोबा आहे. एके दिवशीं त्यांनीं आम्हां उभयतांस कॉफीस बोलाविलें. आम्ही भारतांतून आलों हें त्यांस माहीत होतें. कोणत्या गांवचे, असें त्यांनीं विचारलें. सूनबाईंनीं सांगितलें, "अहमदनगर." बाईंच्या हातांतील पेला तसाच राहिला. त्यांनीं तें नांव पुन्हा उच्चारलें, आणि नीट उच्चारलें. मग त्या उठल्या व आंतल्या खोलींतून एक लहानशी चौकट घेऊन आल्या. चौकटींत पेन्सिलीनें काढलेलें एक चित्र होतें : उघडा माळ, चार बाभळी, आणि दूर डोंगराच्या माथ्यावर तीन मजली, कमानींचा, घुमटाचा एक मनोरा.

नगरच्या लहान मुलासही तें ओळखतां आलें असतें. तो आमचा चांदबिबीचा महाल होता.

बाईंचे वडील मुंबईंत एका पेढीवर नोकरीस होते. सप्टेंबर १९३९ मध्यें महायुद्ध सुरू होतांच इंग्रज सरकारनें हिंदुस्थानांतील जर्मन पुरुषांस अटकेंत घेतलें, आणि त्यांतील अनेकांस प्रथम अहमदनगरच्या लष्करी छावणींत आणून ठेवलें. पहिल्या महायुद्धांतही नगरास जर्मनांची अशीच छावणी होती. पुढें या मंडळींस देवळाली व तेथून देहरादून येथें हलविण्यांत आलें. तिबेटांतील सात वर्षांमुळें जगप्रसिद्ध झालेला ऑस्ट्रियन गिर्यारोहक हाइन्रिख हारर, जो १९४४ साली देहरादूनच्या छावणींतून निसटून ल्हासास पोंचला, तोही आधीं नगरास बंदिवान होता. बाईंच्या वडिलांस तारेच्या कुंपणांतून पूर्वेकडे रोज हा मनोरा दिसे. ते सुटून घरीं आले तेव्हां बाई दहा वर्षांच्या होत्या. वडिलांचा चेहराही त्यांस आठवत नव्हता. बाप-लेकींची खरी ओळख या चित्रावरून झाली, कारण चित्र दाखवून ते तिला गोष्टी सांगत.

बाईंनीं विचारलें, "हें काय आहे? बाबांना कोणी सांगितलें नाहीं."

आम्ही सांगितलें कीं, लोक यास चांदबिबीचा महाल म्हणतात, पण ही कबर आहे. मूर्तजा निजामशहाचा मंत्री सलाबतखान याची. सोळाव्या शतकाच्या अखेरची. इतकें पुस्तकी ज्ञान आम्हांजवळ होतें. मग बाईंनीं दुसरा प्रश्न केला : "वर गेल्यावर काय दिसतें?"

वाचकहो, एकोणचाळीस वर्षें त्या शहरांत शिकवून, रोज तो मनोरा पाहून, आम्ही त्यावर एकदांही चढलों नव्हतों. शाळेच्या सहली वेरूळास नेल्या, रायगडास नेल्या, महाबळेश्वरास तर सात वेळां नेल्या. त्या डोंगराच्या पायथ्याशीं एकदां हुरडा खाऊन परत आलों होतों इतकेंच. सूनबाई दुभाष्याचें काम करीत होत्या, त्यामुळें खोटें बोलण्याचीही सोय नव्हती. आम्ही खालीं मान घालून म्हटलें, "ठाऊक नाहीं. पाहून कळवितों."

घरीं परतलों तों पावसाळा होता. नोव्हेंबरांत एका सकाळीं, सौ.च्या गुडघ्यांस पट्टे बांधून, रिक्षा करून आम्ही निघालों. पाथर्डीच्या रस्त्यानें दहा-बारा किलोमीटर गेलें कीं डोंगर लागतो. वाहन थेट माथ्यापर्यंत जातें, ही वृद्धांस मोठी सोय. वास्तु अष्टकोनी आहे. भिंतीच्या पोटांतून दगडी जिना वर जातो. तो अंधारा व अरुंद आहे, म्हणून विजेरी जवळ असावी, आणि पायरी चांचपून चढावें. कबर खालीं तळघरांत आहे. आम्ही दर सज्ज्यांत थांबत थांबत चढलों. सौ. म्हणाल्या, "कोलोनच्या देवळाचा मनोरा तुम्ही पांचशें तेहतीस पायऱ्या चढून आलांत, आणि मी खालीं बाकावर बसलें होतें. आज मी येणार." आणि त्या आल्या.

वर वारा भणाणत होता. पश्चिमेस सारें शहर पसरलें होतें. त्याच्या अलीकडे भिंगार, लष्करी छावणीचीं झाडें व मोकळे माळ, आणि त्यांत झाडांचें एक गर्द वर्तुळ, म्हणजे भुईकोट किल्ला. ज्या माळावरून तो जर्मन बाप या सज्ज्याकडे पाहत होता, तो माळ आम्ही त्याच सज्ज्यांतून पाहत होतों. लष्करी भागाचें छायाचित्र घेऊं नये, म्हणून त्या बाजूस मोबाइल वळविला नाहीं. खालीं उतरून, रस्त्यावर बरेच मागें येऊन, चित्रांतल्यासारखा डोंगर व मनोरा साधेल असें एक छायाचित्र काढलें, आणि वरून काय दिसतें तें दोन पानांवर लिहून सूनबाईंकडे पाठविलें.

बाईंचें उत्तर पंधरा दिवसांनीं आलें. त्यांनीं छायाचित्र चौकटीशेजारीं ठेवलें होतें. त्यांनीं लिहिलें होतें कीं, वडिलांच्या चित्रांत मनोरा पुष्कळच मोठा आहे. प्रत्यक्षांत तो इतका लहान व इतका दूर दिसतो हें आज कळलें. शिवाय त्यांचा आणखी एक प्रश्न होता : गांवांत दुसरें काय पाहण्यासारखें आहे?

या प्रश्नाचें उत्तर देण्याकरितां आम्हीं गेल्या वर्षभरांत, युरोपांत शिकलेल्या नियमांप्रमाणें, आठवड्यास एक स्थळ याप्रमाणें आमचें गांव पाहिलें. २०२४ साली शहराचें व जिल्ह्याचें नांव, याच जिल्ह्यांतील चौंडी येथें १७२५ साली जन्मलेल्या पुण्यश्लोक अहिल्यादेवींवरून, अहिल्यानगर झालें; जुन्या संवयीनें आम्ही नगर म्हणतों, एवढी क्षमा असावी. बाहेरगांवच्या वाचकांसाठीं थोडक्यांत सांगतों.

सर्वांत आधीं किल्ला पाहावा. तो सैन्याच्या ताब्यांत आहे, म्हणून सरकारी ओळखपत्र जवळ ठेवावें आणि प्रवेशाच्या वेळा व दिवस यांची आधीं चौकशी करावी. हुसेन निजामशहानें १५५९ नंतर येथें दगडी तट बांधविला. १५९५-९६ साली मोगलांच्या वेढ्यांत तटास खिंडार पडलें, तें चांदबिबीनें स्वतः उभें राहून रातोरात बुजविलें. १८०३ च्या ऑगस्टांत हा किल्ला इंग्रजांच्या वतीनें ज्या आर्थर वेलस्लीनें घेतला, तोच पुढें वेलिंग्टन झाला. वॉटर्लूची टेंकडी पाहून ज्या बसमध्यें आम्ही डोळे मिटले, तेथें हें आम्हांस आठवूंही नये याची खंत वाटली. १९४२ च्या ऑगस्टपासून १९४५ च्या मार्चपर्यंत नेहरू, सरदार पटेल, मौलाना आझाद, आचार्य नरेंद्र देव, शंकरराव देव प्रभृति बारा नेते येथें बंदीत होते. नेहरूंनीं आपला भारतविषयक मोठा ग्रंथ १९४४ साली येथेंच लिहिला. मौलाना आझाद येथें असतांनाच, एप्रिल १९४३ मध्यें, कलकत्त्यास त्यांच्या पत्नी वारल्या. शेवटची भेट झाली नाहीं. हें ऐकून सौ. त्या खोल्यांपुढें बराच वेळ उभ्या राहिल्या. कोलोनच्या फलाटावरचा पाऊण तास दोघांसही आठवला असावा. कोणी बोललें नाहीं.

किल्ल्याजवळ दमडी मशीद आहे, १५६७ च्या सुमाराची. तटाच्या कामावरील मजुरांनीं एकेक दमडी देऊन ती बांधविली असें सांगतात. आकारानें लहान, पण दगडांतील कोरीव काम असें कीं तेथें अर्धा तास तरी द्यावा. सोलापूरच्या वाटेस फराहबाग आहे. १५८३ साली पुरा झालेला हा राजवाडा पूर्वीं तळ्याच्या मध्यभागीं होता. सीनेच्या कांठीं बागरोजा, म्हणजे शहराचा संस्थापक अहमद निजामशहा याची कबर. विजापूरास लोक जी मुलूखमैदान तोफ पाहावयास जातात ती १५४९ साली या नगरांतच ओतली गेली. १९९४ साली उघडलेल्या रणगाडा-संग्रहालयांत १९६५ च्या युद्धांत हस्तगत केलेला पॅटन रणगाडा आहे, आणि इंग्लंड, जर्मनी व जपान येथील जुनीं चिलखती वाहनेंही आहेत. नातवंडें बरोबर असतील तर येथूनच आरंभ करावा. मराठी वाचकास आणखी एक स्मरण द्यावयास हवें. रेव्हरंड टिळक व लक्ष्मीबाई यांचा संसार या गांवांत झाला, आणि बालकवि त्यांच्याच घरीं कांहीं काळ राहिले. शहरापासून सुमारें साठ किलोमीटरांवर प्रवरेकांठीं नेवासें आहे. शके १२१२ मध्यें, म्हणजे १२९० साली, ज्ञानेश्वरी जेथें सांगितली गेली तो पैस खांब तेथें आहे. त्यास दिवसाचें एक स्थळ हा नियम अवश्य लावावा. शनी-शिंगणापूर व शिर्डी यांबरोबर एकाच दिवसांत तो उरकणें म्हणजे पुन्हा बारा दिवसांत सहा देश करणें होय.

थंडीचे दिवस उत्तम. उन्हाळ्यांत दगड तापतो. पाणी व फराळ घरून न्यावा, पण कागद व सालें परत आणावीं. कोणत्याही भिंतीवर आपलें नांव लिहूं नये. चांदबिबीच्या महालांत भिंतींवर जीं नांवें कोरलेलीं आहेत त्यांत एक नांव आमच्या जुन्या विद्यार्थ्याचें निघालें. अक्षर वळणदार होतें, आणि तें वळण आम्हींच लावलेलें होतें. त्या दिवशीं घरीं येऊन आम्हांस जेवण गेलें नाहीं. मुलास अक्षर शिकविलें, पण तें कोठें लिहूं नये हें शिकविलें नाहीं, कारण त्या स्थळीं त्यास आम्ही कधीं नेलेंच नाहीं.

म्हणून, वाचकहो, मुलांनीं बोलाविलें तर युरोपास अवश्य जा. नियम वर दिलेच आहेत. मात्र निघण्यापूर्वीं आपल्या गांवांतील एक तरी जुनें स्थळ सावकाश पाहून जा, कारण तेथें कोणी ना कोणी तुमच्या गांवाविषयीं विचारील. आमच्याकडे येत्या नाताळांत चिरंजीव, सूनबाई व नातू यावयाचे आहेत. बाईंनीं नातवाजवळ त्या पेन्सिलीच्या चित्राची एक प्रत देऊन ठेवली आहे, आणि तीं चार बाभळीं अजून आहेत का, हें त्यानें पाहून यावयाचें आहे. विजेरींत नवे घट घालून ठेवले आहेत. गुडघ्यांचे पट्टे सौ.नीं कालच धुवून वाळत घातले.